हस्तव्यवसाय व अभिकल्प शिक्षण, प्राथमिक

प्राथमिक शाळेतील मुलांना वस्तू प्रत्यक्ष घडविण्याच्या कृतीतून दिले जाणारे शिक्षण. यात दोन अंगे येतात. साहित्य व हत्यारे हाताळण्याचे कौशल्य हे पहिले अंग होय. दुसरे अंग अभिकल्पाचे, म्हणजे गरज ओळखणे, ती भागविण्याचे पर्याय सुचणे, आराखडा काढणे, वस्तू तयार करणे, ती वापरून पाहणे आणि तीत सुधारणा करणे या विचारक्रमाचे होय. पहिले अंग शाळांत बरेच आधी आले. दुसऱ्याची स्वतंत्र मांडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. या दोहोंची फारकत झाली, की हस्तव्यवसायाचा तास यांत्रिक सरावाचा होतो, असा महाराष्ट्रातील व इतर ठिकाणच्या प्रयत्नांचा अनुभव आहे.

उगम : मुलाने वस्तू पाहून व हाताळून शिकावे, हा विचार कोमीनियस (१५९२–१६७०), रूसो (१७१२–७८) व पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) यांनी क्रमाने विकसित केला. जर्मन शिक्षणतज्ञ फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये ब्लांकनबुर्ख येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू करून ठोकळे, काड्या, कागद, माती इ. साधनांची क्रमबद्ध योजना केली. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नांमुळे १८६६ मध्ये लोकशाळांत हस्तव्यवसायाला सक्तीचे स्थान मिळाले. स्वीडनमध्ये ओटो सालोमोन यांनी नेस येथे हस्तव्यवसायाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणसंस्था चालविली. धंदा शिकविणे हा या ‘स्लॉइड’ पद्धतीचा हेतू नव्हता. नीटनेटकेपणा, दृष्टीची अचूकता आणि श्रमाविषयी आदर हे गुण लाकूडकामातून अंगी बाणावेत, अशी तिची अपेक्षा होती. अमेरिकेत जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा काढली. तेथे विणकाम, सुतारकाम व स्वयंपाक यांच्या आधारे इतिहास, गणित व विज्ञान शिकविले जाई. त्यांचे अनुयायी किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धती मांडली.

भारतातील पूर्वपीठिका : पारंपरिक भारतीय समाजात वस्तू घडविण्याचे ज्ञान जातिनिष्ठ व्यवसायांत होते आणि ते घराण्यातून पुढे जाई. सुतार, लोहार, कुंभार, बुरूड, चांभार आदींच्या मुलांना ते कामाच्या ठिकाणी मिळे, तर शाळेचा संबंध वाचन, लेखन व हिशेब यांच्याशी असे. इंग्रजी अमदानीतील शाळांनी ही विभागणी मोडली नाही; परीक्षा आणि सरकारी नोकरी यांमुळे ती अधिकच घट्ट झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण व्यवहारोपयोगी असावे आणि ग्रामीण शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे, अशी मागणी केली. शाळेतील विद्या व कष्टकऱ्याचे जीवन यांतील अंतर शिक्षणाच्या प्रश्नाचे मूळ आहे, ही जाणीव महाराष्ट्रात अशा रीतीने आधीच व्यक्त झाली होती. पुढे रवींद्रनाथ टागोर यांनी श्रीनिकेतनच्या (१९२२) ग्रामोद्धाराच्या कार्याला जोडून १९२४ मध्ये शिक्षासत्र ही शाळा सुरू केली. तीत ग्रामीण मुलांच्या शिक्षणात हस्तकलांना मध्यवर्ती स्थान होते.

वर्धा योजना : हस्तव्यवसायाला प्राथमिक शिक्षणाचा केंद्रबिंदू मानणारा देशव्यापी प्रयत्न मराठी मुलखातूनच सुरू झाला. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये ‘हरिजन’ पत्रातून आपली कल्पना मांडली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. तीत नेमलेल्या झाकिर हुसेन समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सय्यदैन, के. टी. शाह, आर्यनायकम् व आशादेवी प्रभृतींचा समावेश होता. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक मूलोद्योगाचे केंद्र आणि त्या उद्योगाशी सर्व विषयांचा समवाय, ही या योजनेची मुख्य सूत्रे होत. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिलेली होती. मातृभाषेला ४० मिनिटे व समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना मिळून ३० मिनिटे होती. काँग्रेसने फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा अधिवेशनात ही योजना स्वीकारली आणि तिच्या कार्यासाठी सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने निवडक शाळांतून तिचा प्रयोग सुरू केला. [→ मूलोद्योग शिक्षण].

समवायाचे स्वरूप सूतकताईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. चार फुटांचा एक तार व ६४० तारांची एक गुंडी हे कताईचे माप होते. मुलाने दिवसभरात काढलेले तार मोजले, की त्यातून गुणाकार, भागाकार, सरासरी व एककांचे रूपांतर ओघानेच येई. एका गुंडीचे सूत २,५६० फूट भरते, हे त्याला पाढ्यापेक्षा टकळीवरून अधिक पक्के समजे. कापसाचे झाड, जमीन व हवामान यांतून निसर्गाचा अभ्यास, तर वस्त्रोद्योगाच्या ऱ्हासातून इतिहास शिकविता येई. तथापि प्रत्येक विषय एकाच उद्योगाला जोडण्याचा आग्रह धरल्यामुळे पुष्कळदा हा समवाय ओढूनताणून केलेला वाटे.

योजनेतील अधिक गंभीर धोका समितीला प्रारंभीच दिसला होता. उद्योगाच्या आर्थिक अंगावर भर पडून त्याचे शैक्षणिक व सांस्कृतिक हेतू बाजूला पडतील आणि शिक्षक मुलांकडून अधिकात अधिक श्रम काढून घेण्याच्या मागे लागतील, असा इशारा तिच्या अहवालातच दिलेला आहे. शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून भागावा, या अपेक्षेमुळे हा धोका अनेक ठिकाणी प्रत्यक्षात उतरला. किती सूत निघाले याची नोंद ठेवली गेली. सूत का तुटले, टकळीची चाती जड असल्यास काय होते आणि ती कशी बदलावी, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले गेले. हस्तकौशल्य होते, परंतु अभिकल्प नव्हता.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य : याच काळात महाराष्ट्रात दुसरा एक प्रवाह बालशिक्षणाच्या क्षेत्रात वाढत होता. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीवर काम केले. ही पद्धती खर्चिक साधनांवर व शहरी कुटुंबांवर अवलंबून राहिली, तर ती गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचणार नाही, हे ओळखून त्यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी ते पुढे दीर्घकाळ चालविले. शंख-शिंपले, बिया, पाने, बांबू, माती व दगड यांपासून तेथे शैक्षणिक साधने तयार करण्यात आली. मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच पाड्यावरील अंगणात नेली गेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविण्यात आली. या कार्यात उत्पादनाची सक्ती नव्हती. साधन कोणत्या गरजेसाठी हवे व जवळ उपलब्ध असलेल्या वस्तूंतून ते कसे करता येईल, हा विचार शिक्षिकांनी सातत्याने केला. अभिकल्पाची ही दृष्टी त्या संज्ञेचा वापर न करताच कोसबाडला रुजली होती.

मराठवाडा व परभणी जिल्हा : परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाने १९३८ नंतर केलेल्या प्रयोगाचा त्यामुळे तेथे अंमल नव्हता. माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने ग्रामीण मराठी मुलाच्या दृष्टीने प्राथमिक इयत्तांपुढील शिक्षण आणखी दूर गेले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. १ मे १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा परिषदेकडे गेला. थोडक्यात, जेव्हा परभणीच्या खेड्यांत मातृभाषेतील प्राथमिक शाळा सर्वत्र पसरू लागल्या, त्या वेळी वर्धा योजनेचा मूळ उत्साह ओसरू लागला होता. हस्तव्यवसाय तेथे बहुतांशी वेळापत्रकातील एक तास म्हणून आला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पालम व पूर्णा हे नऊ तालुके राहिले.

या जिल्ह्यातील ग्रामीण जीवनात घडविण्याच्या परंपरेची वाण नाही. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत ज्वारी, कापूस व तूर ही पिके पूर्वापार होत आली आहेत आणि त्यांच्या अवशेषांतून मुलांना साहित्य मिळते. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी हे मराठवाड्यातील मुलांचे जुने खेळणे होय. धांड्याची साल सोलून तिच्या काड्या काढतात, आतील मऊ भेंडाचे तुकडे करतात आणि टोक काढलेली काडी भेंडात खुपसून सांधा जुळवितात. खिळा, दोरा किंवा डिंक न वापरता ही गाडी उभी राहते. कठीण व मऊ या दोन गुणधर्मांचा एकाच वनस्पतीतून घेतलेला हा उपयोग अभिकल्पाचा उत्तम पाठ आहे. पोळ्यासाठी मातीचे बैल करताना कोणती माती वाळताना तडकते, हे मुलाला कळते. काळी माती ओली असताना फुगते व वाळताना आकसून भेगाळते. म्हणूनच माळवदाच्या घरांना पांढरी माती लागते. तिफणीच्या चाड्यातून बी नळ्यांवाटे तीन फणांपर्यंत सारख्या प्रमाणात कसे जाते, हा प्रश्न तर गणित, यंत्रशास्त्र व शेती या तिन्हींचा आहे.

हे ज्ञान शाळेच्या कुंपणाबाहेर राहिले, यास केवळ पाठ्यपुस्तके कारणीभूत नाहीत. त्यामागे सामाजिक कारणही आहे. हातकाम करणाऱ्या जातींचे ज्ञान हलके मानले गेले आणि त्या कामातून सुटका व्हावी म्हणूनच पालकांनी मुलाला शाळेत घातले. शेतात वेचणीला व उसाच्या तोडणीला जाणाऱ्या कुटुंबाला श्रमाचे महत्त्व शाळेने सांगण्याचे कारण नव्हते. शाळेतही टकळी व झाडूच हाती येणार असेल, तर ती फसवणूक आहे, अशी पालकांची भावना होणे स्वाभाविक होते. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने मुलांनी दिवसाचा काही भाग शाळेत व उरलेला घरच्या व्यवसायात घालवावा, अशी योजना आणली. ती जातिव्यवस्था टिकविणारी असल्याच्या आक्षेपावरून मोठा विरोध होऊन १९५४ मध्ये रद्द झाली. हस्तव्यवसाय शिक्षणाच्या प्रत्येक योजनेला या आक्षेपाचे उत्तर द्यावे लागते. मुलाला त्याच्या बापाचा धंदा शिकविणे आणि सर्व जातींच्या मुलामुलींना एकत्र बसवून साहित्य, हत्यार व विचार यांची ओळख करून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुताराच्या मुलाने पटाशी धरण्यापेक्षा, जिच्या घरी पटाशी कधीच नव्हती त्या मुलीने ती धरणे, आणि सुताराच्या मुलाला आपल्या वडिलांचे ज्ञान वर्गात ‘विद्या’ म्हणून मान्य झालेले दिसणे, यात या शिक्षणाचे सामाजिक मोल आहे.

परभणी येथे १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय व १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). विद्यापीठात बैलचलित अवजारांवर, तसेच शेतकरी स्त्रियांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर संशोधन झाले आहे. कामकरी व्यक्तीची अडचण पाहणे, अवजाराचा आराखडा बदलणे आणि ते शेतात वापरून पुन्हा सुधारणे हा या संशोधनाचा क्रम आहे. अशा अवजारांचा परिचय करून देणारी भेट जवळपासच्या प्राथमिक शाळांना अभिकल्पाचा जिवंत पाठ ठरू शकते.

कार्यानुभव : कोठारी आयोगाने (१९६४–६६) मूलोद्योगाऐवजी कार्यानुभव ही अधिक व्यापक संकल्पना सुचविली. शिक्षणाचे उत्पादकतेशी नाते असावे, परंतु एकाच उद्योगाचे बंधन नसावे, असा तिचा आशय होता. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. महाराष्ट्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात कार्यानुभव हा विषय आला. परंतु परीक्षेत त्याला गौण स्थान राहिले. साहित्यासाठी तरतूद अपुरी पडली आणि पुष्कळ शाळांत ठराविक नमुन्याचे कागदकाम वा सजावटीच्या वस्तू यांवर तो तास संपू लागला. सर्व मुलांच्या वस्तू एकसारख्या दिसणे हे यशाचे लक्षण मानले गेले. वास्तविक ते विचाराच्या अभावाचे लक्षण होते.

विज्ञानशिक्षण व अभिकल्प-विचार : या विषयाला नवे वळण विज्ञानशिक्षणाच्या चळवळींतून मिळाले. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने खेड्यातील मुलांच्या हाती प्रयोग दिला. त्या प्रेरणेतून अरविंद गुप्ता यांनी काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून आकृती व सांगाडे करण्याच्या पद्धती विकसित केल्या आणि पुढे पुणे येथील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचा प्रसार केला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथील मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक वर्गांसाठी असला, तरी गावाच्या खऱ्या गरजा हाच पाठ, हे त्याचे सूत्र प्राथमिक शिक्षणालाही मार्गदर्शक आहे.

अभिकल्प हे सामान्य शिक्षणाचे स्वतंत्र अंग आहे, हा विचार हर्बर्ट सायमन यांच्या १९६९ मधील ग्रंथाने आणि ब्रिटनमधील ब्रूस आर्चर यांच्या कार्याने पुढे आला. इंग्लंडमध्ये १९९० पासून ‘अभिकल्प व तंत्रविद्या’ हा विषय प्राथमिक इयत्तांपासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला. भारतात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सहावीच्या मुलांसाठी पिशवी, वजन उचलणारी पवनचक्कीची प्रतिकृती व बाहुल्या हे तीन घटक तयार केले आणि इंग्रजी व मराठी अशा दोन्ही माध्यमांच्या शाळांत त्यांची चाचणी घेतली. मुलांनी गटात चर्चा करून आराखडे काढावेत, लागणाऱ्या साहित्याचा व कृतिक्रमाचा अंदाज करावा, वस्तू घडवावी आणि नंतर ती पारखावी, अशी त्यांची रचना होती. आराखडा काढणे ही विचार करण्याची रीत आहे, ही गोष्ट अशा पाठांतून स्पष्ट होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोपक्रम अभियानातील प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत; पहिली ते पाचवीचे वर्ग त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

अध्यापनपद्धती : प्राथमिक वर्गातील अभिकल्पाचा पाठ लहान व खऱ्या गरजेपासून सुरू व्हावा लागतो. उदा., माठातील पाणी हात न बुडविता कसे घ्यावे, हा प्रश्न तिसरी-चौथीच्या मुलांपुढे ठेवता येतो. प्रथम मुले अटी ठरवितात : साधन तळापर्यंत पोहोचावे, लहान हाताला पेलावे, धुता यावे. घरातील ओगराळे पाहून त्याचा दांडा लांब का असतो, याची चर्चा होते. मग प्रत्येक गट आपला आराखडा काढतो. करवंटी, पत्र्याचा डबा, बांबूची कामटी, दोरी व तार यांतून साधन बनते. ते वापरताना दांडा फिरतो किंवा पाणी गळते; कारण शोधून सांधा बदलला जातो. शेवटी प्रत्येक गट आपले साधन का बदलले, हे सांगतो. यात मोजमाप, आकारमान, भाषा व विज्ञान स्वाभाविकपणे येतात. शिक्षकाने तयार नमुना आधी दाखविला, तर हा सर्व क्रम निष्फळ ठरतो.

मूल्यमापन तयार वस्तूच्या देखणेपणावर न करता पहिला आराखडा व अंतिम वस्तू यांतील बदलांवर करणे इष्ट ठरते. हत्यारे मुलांच्या हाताच्या मापाची असावीत व धारदार कामे शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावीत. शिवणकाम मुलींना व सुतारकाम मुलांना, ही जुनी विभागणी टाळणे आवश्यक आहे. गावातील कारागिराला वर्गात बोलाविल्यास त्याचे कौशल्य पाहता येते, त्याला प्रश्न विचारता येतात आणि त्याचा मानही राहतो.

मूल्यमापन व सद्यःस्थिती : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ नुसार शिक्षण कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे बालकेंद्रित रीतीने व्हावयास हवे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांच्या व्यवसायपरिचयाची सूचना आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार हा उपक्रम जाहीर केला. या तरतुदींमुळे वेळ उपलब्ध झाला आहे. तो कसा वापरला जातो, यावर फलनिष्पत्ती अवलंबून राहील. वर्धा योजनेला वेळ भरपूर मिळाला होता, परंतु उत्पादनाचा हिशेब शिक्षणावर मात करून गेला. कार्यानुभवाला हेतू उदात्त मिळाला, परंतु साहित्य व प्रशिक्षित शिक्षक मिळाले नाहीत. कोसबाडला साहित्य साधेच होते. शिक्षिकांची निरीक्षणशक्ती व मुलांवरील विश्वास यांमुळे तेथील कार्य टिकले.

परभणीसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात या शिक्षणाचा प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा नाही. पाणी, अवजारे, निवारा व स्थलांतर यांबाबतच्या अडचणी ज्यांना रोज भोगाव्या लागतात, त्यांच्या मुलांना त्या अडचणी दैवगती वाटाव्यात की बदलता येण्याजोग्या रचना वाटाव्यात, हे काही अंशी पहिल्या चार-पाच इयत्तांत ठरते. धांड्याची गाडी मोडल्यावर सांधा कोठे चुकला, हे शोधून ती पुन्हा जोडणाऱ्या मुलाजवळ ही दृष्टी शाळेत येण्यापूर्वीच असते. ती जपणे व तिला भाषा, माप आणि आराखडा यांची जोड देणे हे प्राथमिक शाळेचे कार्य होय.